मुक्कामी गाडी आणि लिथियमची गोळी

परतूर आगारातला एखादा एसटी चालक डोळ्यांसमोर आणू. संध्याकाळी मुक्कामी गाडी घेऊन खेड्यात जायचे, तिथेच पाठ टेकायची आणि पहाटे पहिली फेरी घेऊन परतायचे. पुढच्या आठवड्यात ड्यूटी दिवसाची. या माणसाला बायपोलर, म्हणजे उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणारा विकार असेल, तर त्याच्या उपचाराची निम्मी अडचण या वेळापत्रकातच असते.

झोप हा या विकारातला नाजूक सांधा. सलग काही रात्री झोप मोडली की उन्मादाला वाट मिळते. आणि उन्माद सुरुवातीला आजार वाटतच नाही. झोप नसूनही थकवा नाही, डबल ड्यूटी हसत घेतली जाते, गाडीचा वेग वाढतो. आगारात कौतुक होते; खूण पटते ती बहुधा घरच्यांना.

१९४९ साली ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी उन्मादावर लिथियमचा गुण दाखवला. ते आजही प्रमुख औषध आहे, पण त्याची उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडे. रक्तातले प्रमाण साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर ठेवतात, १.५ च्या पुढे हात थरथरणे, तोल जाणे, गुंगी अशी लक्षणे दिसू लागतात. तपासणीचे रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचे. रात्री ९ ला गोळी, तर सकाळी ९ ला रक्त. तेव्हा आपला चालक स्टिअरिंगवर असतो. वैशाखात इंजिनाशेजारी घाम गळतो, पाणी कमी पडते आणि शरीर लिथियम धरून ठेवते. पाठदुखीसाठी मेडिकलमधून घेतलेली डायक्लोफेनॅकची गोळी किंवा रक्तदाबासाठी एकदम तोडलेले मीठही तेच करते.

हे सारे डॉक्टरांशी मोकळेपणे बोलून सांभाळता येते. अडते ते आगारात बोलण्यापाशी. २५ जानेवारी २०१२ रोजी स्वारगेट आगारातून एका चालकाने बस पळवून पुण्याच्या रस्त्यांवर ९ जणांचा बळी घेतला. त्याने रात्रपाळी बदलून मागितली होती, ती मिळाली नव्हती, हे खटल्यात पुढे आले. मनोविकाराचा बचाव न्यायालयाने मानला नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशीऐवजी जन्मठेप दिली. त्या घटनेची आठवण असलेल्या खात्यात ‘मी मनोविकारतज्ज्ञाकडे जातो’ असे सांगायला छाती लागते. म्हणून गोळी लपवली जाते, मग चुकवली जाते, आणि प्रवाशांचा धोका तिथून सुरू होतो.

कायदा मात्र इतका निष्ठुर नाही. मानसिक आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत आहे. नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून शासकीय आस्थापनेने कामावरून काढू नये. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे द्यावे, असे त्याचे कलम २० सांगते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचाराची गोपनीयताही हक्क मानली.

झटका असताना किंवा औषधाची मात्रा बदलत असताना गाडी चालवू नये, यात तडजोड नाही. पण स्थिर झालेल्या माणसाला ठरावीक ड्यूटी, रात्रीची झोप आणि रक्त तपासायला एक सकाळ मिळाली, तर तो चालक म्हणून उभा राहू शकतो. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक रात्रीही चालू असतो. विश्रांतीगृहाच्या भिंतीवर तो लिहिलेला असावा, आणि तो वाचणाऱ्याकडे कोणी वळून पाहू नये.