नवा मुलूख निवडतांना

आपल्या सभासदांपैकीं कित्येकांच्या घरीं हल्लीं एकच बोलणें चाललेलें असतें. वडिलार्जित जमिनीच्या वांटण्या होऊन प्रत्येकाच्या वांट्यास दोन-तीन एकर आले आहेत, विहिरीस फाल्गुनापुढें पाणी राहत नाहीं, आणि मग घरांतील कोणी कर्ता मुलगा म्हणतो, 'इकडचें विकून तिकडे कालव्यावर जाऊं.' हा विचार टाकाऊ नाहीं. परंतु घर बदलणें निराळें आणि मुलूख बदलणें निराळें. मुलूख बदलला म्हणजे माती, पाणी, मजूर, बाजार, शेजार आणि दप्तर हीं सारीं एकदम बदलतात, व पूर्वीच्या ठिकाणीं परत येण्याचा मार्ग बहुधा बंद झालेला असतो. आमची नोकरी महसूल खात्याच्या दप्तरांत गेली. तेथें आम्हीं जीं प्रकरणें पाहिलीं त्यांवरून असें दिसतें कीं, नव्या मुलखांत गेलेला शेतकरी कष्टांत कमी पडल्यामुळें क्वचितच बुडतो. घेण्यापूर्वीं जें पाहावयाचें तें न पाहिल्यामुळें बुडतो.

मुलूख बदलून यशस्वी झालेल्या शेतकऱ्यांचें उदाहरण आपल्याच प्रांतांत आहे. पुरंदर तालुक्यांत कऱ्हेच्या कांठीं सासवड येथील माळी मंडळी विहिरीच्या पाण्यावर बागाइत करीत असत. 1885 च्या सुमारास नीरेचा डावा कालवा वाहूं लागला. बारामतीकडे पाऊस सरासरी 20 इंच, आणि तोहि लहरी. तेथील जमीनमालक ज्वारी-बाजरी करणारा. पाणीपट्टी, खत आणि मजुरी यांचा एकदम पडणारा खर्च पाहून तो बिचकत असे. सासवडकरांनीं त्याची जमीन खंडानें घेतली, ऊंस लाविला आणि गूळ केला. पुढें दारणा धरणाच्या पाण्यावर गोदावरीचे व भंडारदऱ्याच्या पाण्यावर प्रवरेचे कालवे झाले, तेव्हां यांच्यापैकीं कित्येक कोपरगांव व बेलापूर या भागांत गेले. नीरेच्या उजव्या कालव्यावर माळशिरस तालुक्यांत तर 1932 सालीं सासवड माळी साखर कारखाना स्थापन होऊन माळीनगर हें गांवच वसलें.

ही मंडळी धाडसी होती हें खरें, पण नुसत्या धाडसानें एवढें झालें नसतें. जें पीक करावयाचें तें त्यांच्या हातांत पूर्वींपासून बसलेलें होतें. बदलली ती फक्त जागा. आज आम्ही उलट प्रकार पाहतों. जन्मभर भाताची खाचरें केलेला मनुष्य द्राक्षाच्या मुलखांत जातो आणि तेथील पिकाचें शिक्षण स्वतःच्या भांडवलावर घेतो. दुसरें असें कीं, ते एकटेदुकटे न जातां आप्तेष्टांसह गेले. नव्या गांवांत बैल आजारी पडला, मोट अडली, मजूर पळाला, तर हांक मारण्यास जवळ माणूस होतें. आणि तिसरी गोष्ट, जी आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते, ती ही कीं त्यांनीं जमीन प्रथम खंडानें घेतली. चार-पांच हंगाम काढल्यावर कोणती जमीन पाणी पचविते व कोणती पचवीत नाहीं हें आपोआप कळतें.

ही शेवटची सोय आतां पूर्वींसारखी उरलेली नाहीं. 1948 चा कुळकायदा आणि 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन यांनंतर कसणाऱ्या कुळांस मालकी मिळाली, हें न्यायाचेंच झालें. परंतु तेव्हांपासून कागदावर खंड लिहून देण्यास मालक धजत नाहीं. साखर कंपन्यांनीं खंडानें धरलेल्या मोठाल्या जमिनी 1961 च्या कमाल धारणा कायद्यानें सरकारकडे गेल्या व 1963 सालीं स्थापन झालेल्या शेती महामंडळाच्या ताब्यांत आल्या. मूळ मालकांचे वारस, ज्यांस खंडकरी म्हणतात, ते त्या परत मिळविण्यासाठीं पिढ्यान्‌पिढ्या झगडले. ही आठवण गांवोगांव जिवंत आहे. तरीहि एखाद्या हंगामापुरती अर्धेलीनें शेती करण्यास मिळत असेल, तर ती संधि नवख्यानें सोडूं नये. खरेदीपूर्वींचा एक हंगाम खरेदीनंतरच्या दहा वर्षांचें काम करितो.

आतां मातीविषयीं. आपल्या देशावरील शेतकऱ्यास खोल काळ्या जमिनीचा मोह फार. कोरडवाहूंत तो योग्यच आहे. रब्बीची ज्वारी त्या जमिनींत मुरलेल्या ओलीवरच निघते. पण तीच जमीन बारमाही कालव्याखालीं गेली कीं पाणी धरून ठेविते, खालचा पाझर वर चढतो, क्षार पृष्ठभागावर येतात, आणि कांहीं वर्षांत ती चोपण होते. नीरेच्या डाव्या कालव्यावर हा अनुभव पहिल्या कांहीं दशकांतच आला व पाणथळ जमिनींकरितां चर खोदावे लागले. म्हणून कालव्यावर जावयाचें असेल तर तळाशीं मुरूम असलेली, दोन-तीन फूट मातीची मध्यम जमीन आम्ही अधिक पसंत करूं. दिसावयास ती साधी, पण तिचा निचरा उत्तम. पाहण्यास जाल तेव्हां शेताच्या सर्वांत खोलगट कोपऱ्यांत पुरुषभर खड्डा घेऊं द्या असें मालकास म्हणावें. तो नको म्हणाला तर तेथूनच परत फिरावें. खड्ड्यांत पाणी किती खालीं लागतें, चुनखडीचा थर आहे काय, हें डोळ्यांनीं पाहावें. शेजारच्या विहिरीचें पाणी चाखावें. बांधाच्या कडेस पांढरी खार फुटली आहे काय, हेंहि पाहावें. मातीचा व पाण्याचा नमुना सरकारी प्रयोगशाळेंत देण्यास फार खर्च येत नाहीं.

पाण्याची चौकशी करतांना 'कालवा आहे' एवढें उत्तर पुरेसें समजूं नये. कालव्याच्या मुखाजवळचें शेत आणि शेपटाकडचें शेत यांच्या सात-बाऱ्यावर 'बागाइत' हा शब्द एकच असतो, पण एकांत ऊंस उभा असतो आणि दुसऱ्यांत पाळी येईपर्यंत पीक करपतें. या तंट्यावर तोड म्हणून विश्वेश्वरय्या यांनीं मुंबई इलाख्याच्या नोकरींत असतां विसाव्या शतकाच्या आरंभीं नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत बसविली. ऊंसास ठराविकच क्षेत्र व बाकीच्यांत हंगामी पिकें, म्हणजे पाणी अधिक गांवांस पोंचावें, असा तिचा हेतु होता. शेपटाकडची तक्रार मात्र आजहि ऐकूं येते. मोठ्या धरणाचीहि हीच गोष्ट. पैठणचें जायकवाडी धरण 1976 सालीं पुरें झालें. तें भरणें न भरणें हें वरच्या नाशिक-नगरकडील धरणांवरहि अवलंबून असतें, आणि पाणी खालीं सोडण्यावरून अवर्षणाच्या वर्षीं तंटे होतात. तेव्हां शेजाऱ्यास सरासरी विचारूं नये. गेल्या दुष्काळांत उन्हाळ्याच्या किती पाळ्या मिळाल्या, तें विचारावें.

याच कारणास्तव मुलूख पाहण्यास श्रावणांत जाऊं नये. श्रावणांत सर्वच मुलूख हिरवा असतो आणि दलालहि त्याच महिन्यांत फार गोड बोलतो. वैशाखांत जावें, चार दिवस मुक्काम करावा, गुरें कोठें पाणी पितात आणि बायका हंडे घेऊन किती लांब जातात तें पाहावें. कोंकणांत 100 इंचांहून अधिक पाऊस पडतो, तरी उन्हाळ्यांत कित्येक वाड्या टँकरची वाट पाहतात. भंडारा-गोंदियाकडे 50 इंचांच्या आसपास पाऊस, जुने मालगुजारी तलाव आणि भाताची शेती. तेथें पाण्यापेक्षां धानाचा बाजार व रोपणीच्या वेळचे मजूर यांचीच चौकशी अधिक करावी लागेल.

आतां दप्तर. पहिली सूचना ही कीं, जुनी जमीन सर्वच्या सर्व विकून मग नवी शोधूं नये. शेतकरी नसलेल्यास शेतजमीन विकत घेण्यास कुळकायद्याच्या 63 व्या कलमानें मनाई आहे, व शेतकरी असल्याचा पुरावा म्हणजे आपल्या नांवचा सात-बारा. तोच हातचा गेला तर नवी खरेदी अडते. निदान कांहीं गुंठे तरी नव्या जमिनीची नोंद होईपर्यंत राखावेत. विदर्भास 1958 चा व मराठवाड्यास 1950 चा कुळकायदा लागू आहे. तेथें कलमांचे आंकडे निराळे, म्हणून तालुक्याच्या ठिकाणच्या वकिलासच विचारावें. कमाल धारणेंत मात्र सर्व राज्यांतील जमीन एकत्र मोजतात: बारमाही बागाइत 18 एकर, कोरडवाहू 54 एकर.

सात-बाऱ्यावर पीकपाण्याच्या आधीं भूधारणा पद्धतीचा रकाना वाचावा. 'भोगवटादार वर्ग 2' असें असल्यास परवानगीवांचून विक्री होत नाहीं. धरणग्रस्तांस मिळालेल्या व पूर्वींच्या वतनी जमिनी बहुधा या वर्गांत असतात, आणि नव्या कालव्याखालीं त्याच स्वस्त म्हणून दाखविल्या जातात. 'इतर अधिकार' या रकान्यांत 'पुनर्वसनासाठीं राखीव', संस्थेचा बोजा, कुळाचें नांव, विहिरींतील हिस्सा यांपैकीं कांहीं आहे काय तें पाहावें. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीस सरकारच्या मंजुरीवांचून घेतां येत नाहीं. त्या भानगडींत पडूंच नये. आमच्या पाहण्यांत एका भल्या कुटुंबानें घाटावरील सात एकर विकून परजिल्ह्यांत चौदा एकर घेतली. मुदलांत ती देवस्थान इनामाची निघाली. विक्रेता पैसे घेऊन मोकळा झाला, आणि घरांतील दोन कर्ते पुरुष वीस वर्षें तारखांस जात राहिले. त्या चौदा एकरांत त्यांचा नांगर धड चार वर्षेंहि चालला नाहीं.

म्हणून चालू सात-बाऱ्यावर न थांबतां जुन्या फेरफारांच्या नकला, निदान तीस वर्षांच्या, काढून पाहाव्या. जमीन विक्रेत्याकडे वारसानें आली, खरेदीनें आली कीं सरकारांतून मिळाली, हें तेथेंच समजतें. बहिणींचीं नांवें कमी झालीं असतील तर कोणत्या हक्कसोड पत्रानें, हेंहि पाहावें. पैसे देण्यापूर्वीं भूमि अभिलेख खात्याकडून मोजणी करून घ्यावी. एकत्रीकरणानंतर गट नंबर झाले त्या गांवांत नकाशा व प्रत्यक्ष वहिवाट यांचा मेळ बसतोच असें नाहीं. गाडीवाट कोणाच्या शेतांतून जाते आणि ती नोंदलेली आहे काय, हा प्रश्न मोजणीच्याच दिवशीं, शेजारी हजर असतां, उघडपणें विचारावा. मग तो शेजारी कसा आहे, हेंहि त्याच वेळीं थोडेंबहुत कळतें.

खरेदीखत नोंदलें म्हणजे काम संपलें असें मानून पुष्कळजण गांवीं परततात. खतानंतर तलाठी फेरफार धरतो, संबंधितांस नोटीस देतो, हरकतीसाठीं पंधरा दिवसांची मुदत असते, आणि मंडल अधिकाऱ्यानें नोंद प्रमाणित केल्यावरच नांव सात-बाऱ्यास लागतें. तेवढे दिवस घरांतील एका जाणत्या माणसानें नव्या गांवींच राहावें, आणि प्रमाणित नोंदीची नक्कल हातीं आल्यावर मग बैलगाडी, भांडीं आणि मुलेंमाणसें हलवावीं.