डब्याच्या लाजेपलीकडचं स्थलांतर

अमेरिकेतल्या भारतीय घरांतल्या मुलांविषयीच्या बालकादंबऱ्यांत एक प्रसंग हमखास भेटतो. शाळेत डबा उघडतो, वर्ग नाकं मुरडतो आणि मूल शरमून जातं. प्रसंग खोटा नाही. पण तिथेच रेंगाळणारं पुस्तक स्थलांतराला मुलाच्या मनातला गोंधळ ठरवून मोकळं होतं. मुलाला परकं ठरवणारी माणसं आणि कायदे दाखवणारी पुस्तकं मला अधिक मोलाची वाटतात.

उमा कृष्णस्वामी यांची ‘स्टेप अप टू द प्लेट, मारिया सिंग’ (२०१७) ही कादंबरी १९४५ मधल्या कॅलिफोर्नियातल्या युबा सिटीत घडते. मारियाचे वडील भारतातून आलेले, आई मेक्सिकन. तिथे अशी कुटुंबं खरोखरच होती, कारण अमेरिकेच्या १९१७ च्या स्थलांतर कायद्यानंतर पंजाबी शेतकऱ्यांना मायदेशातून बायका आणणं जवळपास अशक्य झालं. नागरिकत्वाला अपात्र असलेल्यांना जमीन घ्यायला १९१३ पासून राज्यात मनाई होती आणि १९२३ मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं भारतीयांना अपात्रच ठरवलं. नागरिकत्वाची वाट खुली झाली ती १९४६ मध्ये. पाचवीतल्या मुलांना हे जड जाईल, असा आक्षेप येऊ शकतो. पण मारियाला सॉफ्टबॉल खेळायचाय आणि वडील कसतात ती जमीन हातची जाऊ पाहतेय. खेळात कोणाला घ्यायचं आणि कोणाला नाही, यातला अन्याय त्या वयाला नेमका कळतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अपमान सोसणाऱ्या मुलाला इतिहास नको, सोबत हवी. मान्य. म्हणूनच सुप्रिया केळकर यांचं ‘अमेरिकन अ‍ॅज पनीर पाय’ (२०२०) महत्त्वाचं. मिशिगनमधली लेखा दिवेकर (मराठी वाचकाला हे आडनाव घरचंच) टोमणे गिळून गप्प राहते. शेजारी भारतातून नवी आलेली अवंतिका मात्र उलट बोलते, आणि तिच्यासोबत दिसायला लेखालाच संकोच वाटतो. आधी रुळलेल्यांनी नव्यांपासून अंतर राखावं, हे आपल्या समाजातलं सत्य केळकर लपवत नाहीत. तोवर निवडणुकीत परक्यांविरुद्धची भाषा शिरते आणि लेखाचं गप्प बसणं तिचं एकटीचं उरत नाही. इथे सोबतही मिळते आणि कारणही कळतं.

तरीही या साहित्यात शिकलेल्या, स्थिरावलेल्या घरांचीच गर्दी आहे. टॅक्सीचालकाची मुलगी, कागदपत्रं नसलेल्या आईबापांचा मुलगा, समुद्रापलीकडेही जात सोबत गेलेलं घर, यांच्या गोष्टी आता लिहिल्या जायला हव्यात, आणि तितक्याच निर्भीडपणे.