लुकलुकत्या उपग्रहाचे मोजमाप

सूर्यास्तानंतर आकाशातून सरकत जाणारे बहुतेक उपग्रह सलग, मंद प्रकाशाने दिसतात. काही मात्र अधूनमधून लख्खकन चमकतात आणि पुन्हा दिसेनासे होतात. विमानासारखा त्यांच्यावर दिवा नसतो. निकामी उपग्रह किंवा अग्निबाणाचा रिकामा टप्पा कोलांट्या खात असतो. त्याचा एखादा गुळगुळीत भाग नेमक्या कोनात आला की सूर्याचा कवडसा जमिनीवरून झरकन फिरतो. तो निरीक्षकाच्या डोळ्यांवरून गेला की चमक दिसते.

या चमकांमधला काळ मोजणे हा हौशी निरीक्षकांचा जुना छंद. सामग्री किरकोळ: द्विनेत्री दुर्बीण आणि स्टॉपवॉच. मात्र एकच अंतर मोजून भागत नाही, कारण बटण दाबण्यात सेकंदाचा एक-दोन दशांश इकडेतिकडे होतोच. म्हणून पहिल्या चमकेला घड्याळ सुरू करून तिला 'शून्य' म्हणायचे आणि पुढच्या मोजत जायचे. (तिला 'एक' म्हटले की हिशेब फसलाच.) समजा, विसाव्या चमकेला १०७ सेकंद झाले, तर दोन चमकांमधला काळ ५.३५ सेकंद, बोटाची चूक वीस जागी वाटली जाते. नोंदीत तारीख, ठिकाण आणि शेवटच्या चमकेची नेमकी वेळही लागते.

खरी मेख पुढे आहे. लांबट नळकांडे एका फेरीत बहुधा दोनदा चमकते, त्यामुळे मोजलेला काळ फेरीच्या निम्माच असू शकतो. एकाआड एक चमक फिकी दिसली तर हा संशय पक्का धरावा. शिवाय उपग्रह डोक्यावरून जाताना सूर्य, उपग्रह आणि निरीक्षक यांच्यातला कोन बदलत राहतो, म्हणून एकाच फेरफटक्यात आकडा किंचित सरकतो.

काही आठवड्यांनी तीच वस्तू पुन्हा मोजली की गंमत कळते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या धातूच्या कवचात विद्युतप्रवाह निर्माण होतात, गिरकीची ऊर्जा उष्णतेत जाते आणि वेग मंदावतो. उरलेले इंधन गळू लागले तर तो अचानक वाढूही शकतो. समुद्राच्या पातळीचा वेध घेणारा अमेरिका-फ्रान्सचा टोपेक्स/पोसायडन (प्रक्षेपण १९९२) जानेवारी २००६मध्ये निवृत्त झाला. पुढे नुसत्या सूर्यप्रकाशाच्या दाबाने त्याची गिरकी वाढत गेली. २०१६च्या अखेरीस लेझर-मापनात एक फेरी सुमारे पावणेअकरा सेकंदांची भरली. याउलट एप्रिल २०१२मध्ये संपर्क तुटलेला आठ टनांचा युरोपीय एन्व्हिसॅट मंदावत होता. २०१३मध्ये त्याची फेरी सव्वादोन मिनिटांच्या आसपास होती. असे धूड यंत्रहाताने पकडून खाली आणायचे झाले, तर ते कोणत्या अक्षाभोवती आणि किती वेगाने फिरते हे आधी माहीत असावे लागते.