लॅपटॉप घेताना आधी रॅम विचारा

2016 चा 'सैराट' करमाळ्याच्या परिसरात चित्रित झाला. आता तिथलाच एखादा मुलगा निकाह-वलीम्याच्या शूटिंगचं काम करायचं म्हणतो, तेव्हा लॅपटॉपसाठी अब्बूंची बचत पणाला लागते.

दुकानदार आधी प्रोसेसरचं नाव सांगेल. तुम्ही रॅम विचारा. 16 जीबी हवी, आणि पुढे वाढवता येते का? बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डालाच पक्की जोडलेली असते. सोबत 512 जीबी एसएसडी आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड. हलकेफुलके गेमही त्यावर चालतात. स्क्रीन 100 टक्के एसआरजीबी नसेल, तर नवरीच्या शालूचा रंग अल्बममध्ये भलताच उतरतो. (हे दुकानात क्वचितच कुणी सांगतं.)

सोलापुरी उन्हाळ्यात लॅपटॉप गादीवर ठेवून एडिटिंग नको. खालची हवा कोंडली की महागडं मशीनही मंदावतं.