अधिकचं झालं गुणिले!

बाल्टिक समुद्रात एक पाणबुडी नाकावर उभी करा बरं! खरोखर नको, मनातल्या मनात. पाणबुडीची लांबी धरा सुमारे ५० मीटर. नाक तळाला टेकलं, की शेपटी जवळजवळ पाण्याबाहेर डोकावेल. कारण बाल्टिकची सरासरी खोलीच मुळी ५५ मीटरच्या आसपास आहे. एवढ्याशा पाण्यात लपायचं तरी कुठे?

स्वीडनच्या नौदलाने म्हटलं, तळाशीच जाऊन गपचूप बसू! पण बसताना शेपटी आडवी येते. पाणबुडीच्या शेपटीला चार सुकाणू असतात, बहुतेक वेळा अधिकच्या चिन्हासारखी मांडलेली. उभी जोडी डावी-उजवीकडे वळवते, आडवी जोडी वर-खाली नेते. आता तळावर बसायला जा, सगळ्यात आधी काय आपटेल? बरोब्बर, खालचं सुकाणू.

मग शोऊर्मेन नावाच्या पाणबुडीवर इंजिनिअरांनी ते अधिकचं चिन्ह ४५ अंशांनी फिरवलं. झालं गुणिले! आता पोटाखाली काहीच लोंबत नाही. मात्र कुठेही वळायचं तर चारही सुकाणू मिळून हलवावी लागतात, म्हणजे हिशेब वाढला. अशी शेपटी आधी अमेरिकेच्या ‘अल्बकोर’ या प्रायोगिक पाणबुडीवर तपासलेली होती. शोऊर्मेनच्या जातीच्या पाच पाणबुड्या १९६८-६९ मध्ये स्वीडनच्या नौदलात आल्या.

त्या चालायच्या कशावर? डिझेल इंजिनावर, पण पाण्याखाली नाही. डिझेल जळायला हवा लागते ना! म्हणून वर येऊन, किंवा स्नॉर्केल नावाची नळी पाण्याबाहेर काढून इंजिन चालवायचं आणि बॅटऱ्या भरून घ्यायच्या. मग बुडी मारायची, इंजिन बंद करायचं आणि बॅटरीवरच्या मोटरने पुढे सरकायचं, अगदी हळू आवाजात. शत्रू पाण्यात कान लावूनच बसलेला असतो. बॅटरी संपत आली की पुन्हा वर! ही कटकट मात्र काही सुटली नाही.

१९९० च्या दशकात यांतल्या काही पाणबुड्या सिंगापूरने विकत घेतल्या. बाल्टिकचं पाणी गार आणि कमी खारट, सिंगापूरचं कोमट आणि चांगलंच खारट. तिथे पाइप लवकर गंजतात, शिंपले-शेवाळ भराभर चिकटतं. म्हणून आधी न गंजणारे पाइप घातले, शिंपले दूर ठेवायची सोय केली, आणि आतल्या खलाशांसाठी दणकट एसी बसवला!