गीताचे माध्यमांतर आणि संदर्भ: 'मा रेवा' व 'बंदे'

लोकगीत एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात गेले, तरी त्याचे शब्द बहुधा तेच राहतात. बदलतो तो संदर्भ. हे समजून घेण्यासाठी 'इंडियन ओशन' या दिल्लीतील रॉक वाद्यवृंदाची दोन गाणी उपयोगी पडतात. त्यांतील एक नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या नर्मदेचे आहे.

वाद्यवृंदातील बास गिटारवादक राहुल राम हे १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात नर्मदा बचाव आंदोलनात कार्यरत होते. नर्मदाखोऱ्यातील 'मा रेवा' हे पारंपरिक गीत त्यांच्यामार्फत वाद्यवृंदात आले आणि २००० मधील 'कंदिसा' या संग्रहात समाविष्ट झाले. (स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेला हा त्यांचा दुसराच संग्रह, मधला 'डेझर्ट रेन' प्रत्यक्ष मैफलीतला.)

गीताचा आशय साधा आहे: नदीच्या निर्मळ, प्रवाही पाण्याची थोरवी. परिक्रमावासीयाच्या तोंडी ही स्तुती होय. परंतु सरदार सरोवरामुळे अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बुडीत क्षेत्रात आली. मणिबेलीसारख्या गावाच्या काठावर हेच शब्द उच्चारले, की वाहते पाणी हे वर्णन न राहता मागणी होते. एकही शब्द न बदलता स्तुतिगीत प्रतिकाराचे गीत बनते. शहरातील श्रोत्याला मात्र ध्वनिमुद्रणात धरण ऐकू येत नाही. गिटार, तबला आणि आळवणी ऐकू येते. हा दोष वाद्यवृंदाचा नव्हे, तथापि ही हानी नोंदवल्यावाचून माध्यमांतराचे वर्णन पुरे होत नाही.

'बंदे'ची गोष्ट उलट आहे. पीयूष मिश्रा यांचे हे गीत अनुराग कश्यप यांच्या, १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांवरील 'ब्लॅक फ्रायडे' चित्रपटासाठी होते. खटला प्रलंबित असल्याने प्रदर्शनास न्यायालयाची स्थगिती मिळाली; चित्रपट पडद्यावर आला तो २००७ मध्ये. दरम्यान गाणे चित्रपटाविना ऐकले गेले. दृश्याचा आधार नसल्याने त्यातील हिंसेचे रूप श्रोत्याने आपापल्या अनुभवातून भरावयाचे होते. येथे संदर्भ तुटल्याने अर्थ विस्तारला.

हा भेद शब्दांतच दडलेला आहे. 'बंदे' कोणत्याही स्थळाचे नाव घेत नाही. 'मा रेवा'ला नदी सोडता येत नाही. म्हणून पावरी वा भिलोरी बोलीतील गीत ध्वनिमुद्रित करताना गाणाऱ्याची संमती, प्रसंग, मूळ गाव आणि ते गाव आज कोठे वसले आहे, याची नोंद गीताच्या संहितेशेजारीच करावी.