शिलेखान्यातून कानापर्यंत

शके-सनावळ्यांचा कंटाळा असणाऱ्या मराठी माणसालाही १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी झालेली ती भेट, आणि त्या भेटीस जाताना महाराजांनी अंगरख्याखाली घातलेले चिलखत, एवढे निश्चित ठाऊक असते. परंतु ते चिलखत बनते कसे, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. 'जिरेटोप' हा शब्द तर आपण नित्य उच्चारतो, पण त्यातले 'जिरे' हे फोडणीतले नसून कड्यांच्या विणीचे कवच या अर्थाच्या 'जिरह' या फारसी शब्दाचे मराठी जिभेवर झिजलेले रूप आहे, याची आठवण शाळामास्तरही करून देत नाहीत. ही वीण आज पुन्हा दिसू लागली आहे, ती मात्र शिलेदाराच्या छातीवर नव्हे, कन्याकुमारिकांच्या कानात. आणि तिच्या खाली, जिथे पूर्वी गुडघ्यापर्यंत लोखंड लोंबत असे, तिथे अकीकाचा एखादा मणी झुलत असतो.

कडीत कडी ओवून अंगावर घालण्याजोगे वस्त्र तयार करण्याची युक्ती युरोपातील केल्ट लोकांना इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अवगत होती. रोमनांनी ती उचलली, आणि पुढे इराणी व मोगल शिलेखान्यांत तिला निराळेच वैभव प्राप्त झाले. चार शेजारणींना धरून राहणारी प्रत्येक कडी, आणि तिच्या तोंडावर ठोकलेला इवलासा खिळा, एवढ्यावर तलवारीचा वार झेलला जाई. आमच्याकडच्या कारागिरांचे मात्र एवढ्याने समाधान होत नसे. लोखंडाच्या कड्यांमध्ये पितळेच्या व तांब्याच्या कड्या मिसळून अंगभर चौकटीदार नक्षी उमटवलेली 'गंगाजमनी' चिलखते वस्तुसंग्रहालयांत आढळतात, आणि ती पाहिली की युद्धसामग्रीचा हा जिन्नस मनातून आधीपासूनच जवाहीरखान्याकडे ओढला जात होता की काय, अशी शंका येते. बंदुकीपुढे चिलखताचा इलाज चालेना, तेव्हा तो मार्ग मोकळा झाला.

आता सुरत. १६६४ आणि १६७० या दोन सालांखेरीज या शहराशी आपला संबंध नाही, असे समजणाऱ्या वाचकाने घरातली पैठणी उलगडून पाहावी. येवल्याच्या मागावर जी जर चढते ती बहुधा सुरतेहूनच आलेली असते. लिंबायत-उधन्याच्या वस्त्यांत खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे आज नांदत आहेत, ती गोष्ट वेगळी. पण तापीकाठच्या या शहराची खरी कमाई हिऱ्याइतकीच तारेची आहे, हे जुन्या शहरातल्या फळियांतून हिंडल्याशिवाय ध्यानात येत नाही. येथला तारकस धातूची कांब जंतराच्या एकाहून एक बारीक छिद्रांतून ओढत नेतो, आणि अखेरीस ती केसाएवढी होते. ती चेपली की बादला; बादला रेशमावर गुंडाळला की कलाबत्तू; आणि तीच तार बारीक सळईवर वेटोळी घालून काढली की भरतकामाचा सलमा. जुन्या पद्धतीची टिकली तर अशा वेटोळ्याचा एकेक वेढा कापून, हातोडीने चपटा करून घडवलेली असे. या टिकलीवर हातोडी पडण्यापूर्वीचा जो क्षण, त्या क्षणी ती दुसरे तिसरे काही नसून चिलखताची कडी असते.

कर्णभूषणासाठी कडी याच मार्गाने होते, फक्त तार जाड घ्यावी लागते. १ मिलिमीटर जाडीची चांदीची तार साडेतीन मिलिमीटरच्या सळईवर, वेढ्याला वेढा भिडवून गुंडाळावी, वेटोळे सळईवरून उतरवून बारीक करवतीने उभे कापावे, की एका मीटरमागे सुमारे ७० कड्या हाती पडतात. कडीचा आतला व्यास तारेच्या जाडीच्या साडेतीनपट, हे प्रमाण या सगळ्या विद्येचे मर्म होय. व्यास कमी झाला तर वीण ताठरते व पुढची कडी शिरतच नाही. वाढला तर गाठ ढिली पडून सारा डूल भिजल्या दोरीसारखा लोंबतो. त्यातही तार सळईवरून सुटताच किंचित फुलते, ही अडचण आहेच.

विणींचे प्रकार पुष्कळ आहेत. कानासाठी लोकप्रिय आहे ती बायझंटाइन नावाची. दोन कड्यांत दोन, त्यांत आणखी दोन, अशा तीन जोड्यांची साखळी करावी. शेवटची जोडी दोन बाजूंना उलटी दुमडून मागे न्यावी. मग तिच्यावरची मधली जोडी बोटाने अलगद फाकवावी, म्हणजे त्या फटीतून दुमडलेल्या कड्यांच्या कडा डोकावू लागतात. नव्या जोडीने शिरायचे ते नेमके तेथून. पहिल्यांदा करताना ही फट दिसतच नाही, आणि एकदा दिसली की ती पूर्वी का दिसत नव्हती हे सांगता येत नाही. एका डुलाला वीस-बावीस कड्या, म्हणजे जेमतेम अडीच ग्रॅम चांदी. त्यामुळे कानाच्या पाळीला भार होत नाही.

कडी उघडावी ती दोन चिमट्यांनी, एक टोक पुढे व एक मागे असे सरकवून. ओढून दोन्ही टोके दूर नेली तर गोलाई कायमची बिघडते. हे मला चांगले ठाऊक असण्याचे कारण असे, की ओढून उघडलेल्या माझ्या पहिल्या डझनभर कड्या अजून एका डबीत अंड्याच्या आकारात पडून आहेत.

मण्यासाठी सुरतेच्या कारागिराला दूर जावे लागत नाही. नर्मदेअलीकडे रतनपूरच्या खाणीतला अकीक आणि खंभातचे मणियार यांची जोडी शतकानुशतकांची आहे, आणि त्यांचा माल एके काळी जहाजांतून पूर्व आफ्रिकेपर्यंत जात असे. खाणीतून निघतो तेव्हा हा दगड मळकट, पिवळसर असतो. मातीच्या भांड्यात घालून त्याला आंच दिली की पोटातले लोह तापून तो लालबुंद होतो. त्याला आरपार वेज पाडायचे ते सामत्याच्या टोकाशी हिऱ्याच्या कण्या बसवून, कारण अकीकापुढे साधे पोलाद हार खाते. अशा मण्यातून एका टोकास बोंड असलेली बारीक तार ओवून, वरच्या टोकाचा फासा करून, उरलेली तार त्याच्याच मानेभोवती दोनतीन वेढे देऊन गुंडाळली म्हणजे लोलक झाला. हे वेढे गाळून नुसता फासा वाकवणारे बाजारात पुष्कळ आहेत. त्यांचे मणी महिन्याभरात कुठेतरी रस्त्यावर सापडतात, म्हणजे सापडतही नाहीत.

चिलखताच्या कडीला खिळा होता. हुपरीच्या पैंजणातली कडी झाळून मिटवलेली असते. या डुलाच्या कडीला त्यांपैकी काहीच नाही, तिची दोन टोके एकमेकांना भिडली आहेत एवढाच तिचा आधार. आणि डोळ्यांनी ती भिडलेली दिसतात तेव्हाही केसाएवढी फट राहिलेली असू शकते. म्हणून तयार डूल हातात घेऊन तो रेशमी पदरावरून, सुरतेची जर असेल त्या काठावरून, हलक्या हाताने एकदा फिरवावा: जिथे धागा अडकेल, ती कडी पुन्हा चिमट्यात धरावी.